‘कालोत’ : एका खणण्याच्या क्रियापदातून सेबुआनो शिकताना

फिलिपिन्समध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्या भारतीय मुलांचा मुक्काम बऱ्याचदा दावाओ नाहीतर सेबू या शहरांत असतो. निघण्याआधी मोबाइलवर टागालोगचे, म्हणजे मनिलाकडच्या भाषेचे, धडे गिरवून जावेत, आणि तिथे उतरल्यावर रिक्षावाला, भाजीवाली, वॉर्डातला पेशंट सगळे वेगळंच काही बोलताना ऐकू यावेत, असं होतं. ही भाषा म्हणजे सेबुआनो, लोकांच्या तोंडी ‘बिसाया’. सेबू, बोहोल, सिकिहोर ही बेटं, नेग्रोसचा पूर्वभाग, लेतेचा काही भाग आणि मिंदानाओचा मोठा हिस्सा या भाषेत बोलतो. बोलणाऱ्यांची संख्या दोन कोटींच्या घरात आहे. जहाजावर काम करणाऱ्या मराठी खलाशांच्याही कानांवरून ही भाषा गेलेली असते, कारण फिलिपिनो सहकाऱ्यांत बिसाया बोलणारे पुष्कळ असतात.

सेबुआनोचं सगळं अवघडपण क्रियापदात आहे. नामाला लिंग नाही, विभक्तीची लांबलचक कोष्टकं नाहीत, ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच शब्द, ‘सिया’. पण एका धातूला पुढे-मागे इतके प्रत्यय लागतात की नवखा माणूस बावचळतो. पुस्तकं बहुधा ‘खाणे’ नाहीतर ‘विकत घेणे’ या धातूंपासून सुरुवात करतात. माझ्या मते ‘कालोत’ हा धातू जास्त उपयोगी, कारण खणण्याच्या कामात चार भिडू अगदी स्पष्ट दिसतात: खणणारा, खणून निघणारी वस्तू, खणली जाणारी जागा आणि हातातलं अवजार. सेबुआनो क्रियापद या चौघांपैकी एकाकडे बोट दाखवतं. ते बोट कोणाकडे आहे हे ओळखता आलं की बाकीचं सरावाने येतं.

उच्चार आणि अर्थ

‘कालोत’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर आहे. शेवटचा ‘त’ आपल्या ‘हात’मधला, ‘ट’ नव्हे. इंग्रजीतून शिकलेली मंडळी तो ‘ट’ करतात. मूळ सेबुआनोत स्वर तीनच: आ, इ, उ. त्यामुळे ‘ओ’ आणि ‘उ’ यांच्यात तिथली माणसं फारसा भेद करत नाहीत. ‘कालोत’ लिहिलं काय आणि ‘कालुत’ लिहिलं काय, शब्द एकच. पुढे ‘ङ’ बऱ्याचदा येईल. तो ‘वाङ्मय’मधला ङ, त्यात ‘ग’ मिसळायचा नाही.

सेबू शहरात आणि बोहोलमध्ये दोन स्वरांमधला ‘ल’ बोलताना गळतो किंवा त्याचा ‘व’ होतो. म्हणून ‘कालोत’चा ‘कावोत’ ऐकू आला तर तो नवा शब्द समजू नका. ‘वाला’ म्हणजे ‘नाही’, त्याचा ‘वा’ होतो आणि ‘बालाय’ म्हणजे घर, त्याचं ‘बाय’. बोहोलची माणसं याच्या वरताण, ती ‘सिया’ला ‘सिजा’ म्हणतात.

अर्थ मुख्यतः दोन. पहिला खणण्याचा: खड्डा, विहीर, थडगं खणणे, किंवा रताळी-कंद जमिनीतून खणून काढणे. दुसरा खाजवण्याचा. नखांनी कातडी खाजवणं आणि जमीन खणणं या दोन्हींना हाच धातू चालतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला दुसरा अर्थ आधी भेटेल. ‘कातोल’ म्हणजे खाज, आणि पेशंट ‘सिगे कोग कालोत’ म्हणाला तर तो अंगण खणत नसून ‘सारखा खाजवत असतो’ असं सांगतोय. त्याला सांगायचं, ‘आयाव कालोता’, खाजवू नका. टागालोग शिकून आलेल्यांनी इथे एक जपावं. टागालोगमध्ये ‘कामोत’ म्हणजे खाजवणे, सेबुआनोत ‘कामोत’ म्हणजे हात. टागालोगमधला खणण्याचा ‘हुकाय’ही इथे विसरायचा.

मराठीत कुत्रा माती उकरतो, माणूस विहीर खणतो, तसं इथेही वाटून दिलेलं आहे. कुत्र्याने पंजांनी माती उकरणं म्हणजे ‘कुबकोब’. कोंबडीने पायांनी माती विस्कटणं म्हणजे ‘काखा’, आणि ‘काखा-तुका’, एकदा उकरायचं नि एकदा टिपायचं, हा हातावर पोट असलेल्या माणसासाठी रोजच्या वापरातला शब्दप्रयोग आहे. ढिगात हात घालून उचकापाचक करणं ते ‘उकाय’; जुन्या कपड्यांच्या दुकानांवर ‘उकाय-उकाय’ची पाटी दिसेल. नांगरणं ‘दारो’, पुरणं ‘लुबोङ’. पुरण्याकडे शेवटी परत यायचं आहे.

आधी विचारा: काम सुरू झालंय का?

भूत, वर्तमान, भविष्य हे तीन कप्पे बाजूला ठेवा. सेबुआनो विचारते एवढंच की कामाला हात लागलाय की अजून लागायचाय. खणणाऱ्याकडे बोट दाखवणारी रूपं आधी बघू.

मोकालोत को ओग आताबाय. (मी विहीर खणणार आहे.)
मिकालोत सिया ओग कामोते. (त्याने किंवा तिने रताळी खणली.)
नागकालोत सिला ओग लुङाग. (ते खड्डा खणतायत. किंवा, खणत होते.)
मागकालोत ता उग्मा. (उद्या आपण खणूया.)

‘मो’ आणि ‘माग’ न झालेल्या कामाला, ‘मि’ (बरेच जण ‘नि’ म्हणतात) आणि ‘नाग’ सुरू झालेल्या किंवा होऊन गेलेल्या कामाला. ‘नाग’मध्ये काम चालू असल्याचा भाव असतो, ते काल चालू होतं की आत्ता आहे हे ‘गाहापोन’ (काल), ‘कारोन’ (आता) अशा शब्दांवरून कळतं. हे अर्धवट वाटेल, पण बोलताना अडत नाही.

चौथ्या वाक्यातला ‘ता’ बघा. सेबुआनोत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत, मराठीसारखेच. ‘मागकालोत ता’ म्हणजे आपण खणूया, तूही चल. ‘मागकालोत मि’ म्हणजे आम्ही खणतो, तू बस. इंग्रजीतून लिहिलेली पुस्तकं या फरकासाठी पानंच्या पानं खर्ची घालतात. मराठी माणसाने ‘मि’ म्हणजे आम्ही, ‘ता’ म्हणजे आपण, एवढं घोकलं की पुरे.

मग विचारा: बोट कोणाकडे आहे?

इथे थोडं थांबून वाचा. नवखे सगळ्यात जास्त इथेच अडखळतात.

वरच्या वाक्यांत कामोतेच्या आधी ‘ओग’ आहे. ‘ओग’ म्हणजे कुठलीतरी, काही. कोणती ते ठरलेलं नाही. पण बोलणाऱ्या दोघांनाही माहीत असलेली, ठरावीक रताळी असतील तर त्यांच्या आधी ‘आङ’ येतो, आणि ‘आङ’ आला की क्रियापदाला त्या रताळ्यांकडे वळावंच लागतं.

गिकालोत निया आङ कामोते. (त्याने ती रताळी खणली.)
कालोतोन नाको आङ कामोते उग्मा. (ती रताळी मी उद्या खणेन.)

सुरू झालेल्या कामाला पुढे ‘गि’, न झालेल्याला मागे ‘ओन’. आणि बघा, ‘सिया’चा ‘निया’ झाला, ‘को’चा ‘नाको’. मराठीला हे परकं नाही. ‘तो खणतो’ पण ‘त्याने खणला’. खड्डा खणला, विहीर खणली, तळं खणलं, म्हणजे क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. ‘निया’ म्हणजे आपला ‘त्याने’ असं धरून चाला, बरीच वाक्यं आपोआप जुळतात. फरक इतकाच की मराठीत हे वळण पूर्ण झालेल्या कामापुरतं, सेबुआनोत ते काळावर नसून वस्तू ठरलेली आहे की नाही यावर आहे. म्हणून तिथे उद्याच्या कामालाही ‘माझ्याकडून’ लागतं. माणसाचं नाव असेल तर ‘आङ’च्या जागी ‘सि’ आणि ‘ने’च्या जागी ‘नि’: ‘गिकालोत नि पेद्रो आङ कामोते’, पेद्रोने ती रताळी खणली.

‘मिकालोत सिया आङ कामोते’ हे वाक्य चुकीचं. क्रियापद खणणाऱ्याकडे बोट दाखवतंय आणि ‘आङ’ रताळ्यांना चिकटलाय. एका कामाचा मान एकालाच.

आता जागा. जमिनीकडे बोट असेल तर मागे ‘आन’.

गिकालोतान निया आङ नातारान. (त्याने अंगणात खणलं, म्हणजे अंगण खणून ठेवलं.)
कालोतान नाको आङ नातारान. (मी अंगणात खणणार.)

हाच ‘आन’ ज्याच्यासाठी काम करायचं त्या माणसाकडेही वळतो. ‘कालोती को ओग कामोते’ म्हणजे माझ्यासाठी थोडी रताळी खण. शेवटचा ‘इ’ ही आज्ञार्थाची खूण आहे, त्याबद्दल लगेच पुढे.

राहिलं अवजार. त्याला पुढे ‘इ’. ‘इकालोत आङ पाला’, त्या फावड्याने खण. पाला म्हणजे फावडं, पिको म्हणजे टिकाव. दोन्ही शब्द स्पॅनिशांबरोबर आलेले. तणासाठी आपलं खुरपं असतं तसं तिथे ‘गुना’. आता खोच अशी की झालेल्या कामात ‘इ’ची जागाही ‘गि’च घेतो. म्हणून ‘गिकालोत निया आङ पाला’ याचे व्याकरणाने दोन अर्थ निघतात: त्याने फावड्याने खणलं, किंवा पुरलेलं फावडं खणून काढलं. लोक या भानगडीत पडत नाहीत, सरळ ‘गिगामित निया आङ पाला सा पागकालोत’ म्हणतात, खणायला त्याने फावडं वापरलं. तुम्हीही तसंच म्हणा. ‘इकालोत’ ऐकून कळलं पाहिजे, बोलायलाच हवं असं नाही.

सांगणं, नाकारणं, विचारणं

आज्ञा देताना ‘ओन’चा ‘आ’ होतो आणि ‘आन’चा ‘इ’. कालोता आङ कामोते, ती रताळी खण. कालोती आङ नातारान, अंगणात खण. ‘इकालोत’ तसाच राहतो. नुसतं खणायला लावायचं असेल तर ‘पागकालोत’.

पण अनोळखी किंवा वयाने मोठ्या माणसाला असं थेट सांगू नये. टागालोगमधला आदराचा ‘पो’ सेबुआनोत नाही. इथे आदर संबोधनात आहे: मोठ्या पुरुषाला ‘नोङ’, बाईला ‘नाङ’, लहान मुलाला ‘दोङ’, मुलीला ‘दाय’. आणि विनंतीचा साचा ठरलेला आहे: ‘पालिहुग कोग कालोत दिरी, नोङ’, दादा, जरा इथे खणून द्याल का. या साच्यात धातू उघडाच ठेवायचा, प्रत्यय काही नाही. प्रत्यय पाठ होईपर्यंत नवख्याची वेळ याच्यावर निभावते.

नकार तीन. झालं नाही तर ‘वाला’, होणार नाही तर ‘दिली’, करू नको तर ‘आयाव’. नकार आला की सर्वनाम उडी मारून त्याच्या मागे जाऊन बसतं आणि ‘वाला’नंतर ‘गि’ टिकत नाही.

वाला निया कालोता आङ कामोते. (त्याने ती रताळी खणली नाहीत.)
दिली नाको कालोतोन. (मी ते खणणार नाही.)
आयाव कालोता. (खणू नको. किंवा, खाजवू नको.)

‘वाला निया गिकालोत’ म्हणालात तर समजतील, पण लगेच ओळखतील की पाहुणा आहे. ‘कालोता’ हे रूप आज्ञेतही आलं आणि नकारातही. गोंधळू नका, सुरुवातीचा शब्द काय आहे ते ऐका.

प्रश्न विचारताना मराठी आडवी येते. ‘हे कोणी खणलं?’ हे डोक्यात धरलं की जीभ ‘गि’कडे वळते. सेबुआनोत ‘कोण’ विचारलं की बोट खणणाऱ्याकडेच हवं: ‘किन्सा आङ नागकालोत?’ ‘काय’ विचारलं की वस्तूकडे: ‘उन्सा आङ इमोङ गिकालोत?’, तू काय खणलंस?

खणता येणं, खणलं जाणं, खणून घेणं

‘नागकालोत’मध्ये माणूस ठरवून खणतोय. ‘नाका’ आणि ‘ना’ (न झालेल्या कामाला ‘माका’ आणि ‘मा’) लागले की भाव बदलतो: जमलं, किंवा नकळत घडलं. ‘माकाकालोत का?’ म्हणजे तुला खणता येईल? ‘नाकालोत निला आङ बुलावान’ म्हणजे त्यांच्या खणण्यात सोनं निघालं. दोघांत एका ‘का’चा फरक आहे. ‘माकाकालोत’ खणणाऱ्याचा, ‘माकालोत’ निघणाऱ्या वस्तूचा. कान तयार व्हायला वेळ लागतो.

‘नाकालोत’ला साजेसं खरंखुरं उदाहरण मिंदानाओतच आहे. १९८१ साली सुरिगाओ देल सुर प्रांतात सान मिगेलजवळ बुलडोझरने मातीकाम चालू असताना प्राचीन सोन्याचा साठा उघडा पडला. त्यातला सोन्याचा एक पट्टा खांद्यावरून तिरका घालायचा आहे, वजन चार किलोच्या आसपास, आणि अभ्यासक त्याला ‘उपवीत’ म्हणतात. म्हणजे आपलं जानवंच! तो आज मनिलाजवळ माकातीमधल्या आयाला संग्रहालयात आहे. तिथे सोनं शोधायला कोणी गेलं नव्हतं, काम निराळंच होतं. असं निघालेलं सोनं ‘गिकालोत’ नव्हे, ‘नाकालोत’.

दुसऱ्याकडून करवून घ्यायचं असेल तर ‘पा’. ‘मागपाकालोत मि ओग आताबाय’, आम्ही विहीर खणून घेणार आहोत. मराठीत ‘विहीर खणली’ म्हणणारा मालक बहुधा स्वतः खणत नाही. सेबुआनोत तो ‘पा’ लावला तर बरं.

‘माङ’ लागला की ते काम नेहमीचं, हिंडून करायचं होतं आणि धातूचा ‘क’ गळतो: ‘माङालोत’. ‘काहोय’ म्हणजे लाकूड, त्यावरून ‘माङाहोय’ म्हणजे सरपणाला जाणं, तीच तऱ्हा. ‘क’ गळाल्यामुळे शब्दकोशात हे रूप सापडत नाही आणि नवखा हताश होतो. ‘माङ’ किंवा ‘नाङ’ने सुरू होणारा अनोळखी शब्द दिसला की आधी ‘क’ परत लावून बघावा.

नामं बनवणं सोपं. ‘पागकालोत’ म्हणजे खणणं ही क्रिया. ‘तिगकालोत’ म्हणजे ज्याचं ते काम आहे तो, उदाहरणार्थ थडगी खणणारा. ‘किनालोत’ म्हणजे खणून काढलेलं. इथे ‘इन’ शब्दाच्या पोटात शिरलाय. ‘किनालोत ङा कामोते’, खणून काढलेली रताळी. मधला ‘ङा’ विशेषण आणि नाम जोडतो.

शब्दकोश कसा बघायचा

जॉन वुल्फ यांचा १९७२ सालचा सेबुआनो-इंग्रजी शब्दकोश अजूनही सर्वांत भरवशाचा आहे आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतो. त्यात शब्द धातूनुसार लावले आहेत आणि ‘ओ’, ‘ए’ वापरलेलेच नाहीत, म्हणून ‘कालोत’ तिथे ‘कालुत’ म्हणून शोधायचा. क्रियापदापुढे चौकटी कंसात खुणा असतात. त्या धातूला कोणते प्रत्यय लागतात हे त्यावरून कळतं, पण त्यासाठी प्रस्तावना वाचावी लागते. लोक ती वाचत नाहीत आणि मग कोश अवघड आहे म्हणतात. प्रस्तावना वाचा.

सराव

एकदम दहा धातू घेऊ नका. ‘कालोत’नंतर पेरणी-लागवडीचा ‘तानोम’ आणि पुरण्याचा ‘लुबोङ’ घ्या. जे खणायचं ते ‘कालोतोन’, पण जे लावायचं ते ‘इतानोम’ आणि जे पुरायचं ते ‘इलुबोङ’. अवजाराचा ‘इ’ इथे वस्तूला का लागला? कारण सेबुआनोच्या दृष्टीने ती वस्तू हलते, हातातून निघून दुसरीकडे जाते. फावडं जमिनीत जातं तसंच बेणं जातं आणि प्रेतही जातं. बाहेर ओढून आपल्याकडे आणायचं त्याला ‘ओन’, आपल्यापासून दूर घालवायचं त्याला ‘इ’. आणि जागेला दोन्हीकडे ‘आन’: लावणीच्या जमिनीला ‘ताम्नान’, जिथे पुरलं त्या थडग्याला ‘लुब्ङानान’. स्वर कुठे गळाला, व्यंजनं कुठे जागा बदलून बसली ते ताडून पाहा. ‘कालोतान’मध्ये असं काही होत नाही, हेही त्याला पहिला धातू म्हणून निवडण्याचं कारण.

मग बाजारात जा. कंदांच्या ढिगाऱ्यापुढे ‘कामोते’ आणि ‘गाबी’ (आपल्याकडच्या अळकुडीचं भावंड) बरोबर जांभळी ‘उबी’ दिसेल. ती म्हणजे कोकणातलं कोनफळ, जात तीच. बोहोलमध्ये उबीचा मान इतका की हातून खाली पडली तर उचलून तिचा मुका घेतात, तेव्हा हाताळताना सांभाळा. विक्रेतीला ‘नाङ’ म्हणा आणि विचारा, ‘किन्सा आङ नागकालोत आनी?’, ही कोणी खणली? उत्तरात ‘गि’ आला की ‘नाग’, ते नीट ऐका.